दस्तारीचं दुसरं टोक

सकाळी पावणेसातची वेळ. परभणीतलं एक साधं घर. समोरच्या खोलीत बहीण-भाऊ एकमेकांपासून दहा-बारा हात लांब उभे आहेत आणि दोघांच्या हातात एकाच कापडाची दोन टोकं आहेत. दस्तारीचं, म्हणजे पगडीचं, निळं, सुती, फुल व्हॉइलचं कापड. नुकतंच पाणी शिंपडून ओलसर केलेलं. दोघं ते ताणतात, झटकतात, लांबीत दुमडतात, पुन्हा ताणतात. मग समोरासमोरचे कोपरे धरून तिरपी ओढ देतात, म्हणजे सुरकुती जाते आणि घडी बसते. याला पूणी करणं म्हणतात. एकट्याला हे जमत नाही असं नाही, पण नीट जमत नाही. दोन माणसं लागतात.

पूणी झाली की भाऊ एक टोक दातांत धरून आरशापुढे उभा राहतो. लडीवर लड चढते. कपाळावरचा कोन दोन्ही बाजूंना सारखा आला का, ते तो तीनतीनदा पाहतो. शेवटी बारीक सळईनं कानाजवळचे केस आत सारतो आणि चुण्या सरळ करतो. पंधरा मिनिटं जातात. बहिणीचं काम मात्र आपल्या हातातलं टोक सोडलं तेव्हाच संपलेलं असतं. ती वेणी घालते, ओढणी घेते आणि कॉलेजला निघते.

केसांना कात्री लावायची नाही, हा नियम दोघांनाही सारखाच आहे. तिचे केस त्याच्या केसांपेक्षा लांब आहेत. पण रस्त्यावर त्याच्याकडे पाहून लोक म्हणतात, ‘शीख आहे.’ तिच्याकडे पाहून कुणी काही म्हणत नाही. या पुस्तकाच्या पुढच्या पानांचा विषय तोच आहे : एकाच धर्माची एकच खूण मुलाच्या अंगावर एक होते आणि मुलीच्या अंगावर दुसरी, ते कसं? त्या पानांवर मुलं-मुली आपलं आपण सांगतील. मी फक्त वाचकाला त्यांच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडणार आहे, कारण मराठी वाचकाला हा उंबरा फार परका वाटतो आणि तो परका नाही.

परभणीहून नांदेड आगगाडीनं तास-सव्वा तासावर. गुरू गोविंदसिंगांनी ७ ऑक्टोबर १७०८ रोजी तिथे, गोदाकाठी, देह ठेवला; त्याआधी ग्रंथालाच पुढचा गुरू मानण्याची आज्ञा केली. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, तख्त सचखंड श्री हजूर साहिब, तिथे आहे. आजची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३०च्या दशकात बांधवून घेतली. गुरूंसोबत आलेले, पुढे निजामाच्या चाकरीत पथकं घेऊन आलेले, आणि इथेच रुजलेले असे हे दख्खनी शीख. त्यांची बोली आपल्या कानाला ओळखीची वाटते : थोडी पंजाबी, थोडी दखनी, आणि बाजारात चक्क मराठवाडी मराठी. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस पूर्णा, परभणी, सेलू ओलांडून जाते. आम्ही लहानपणी ती गाडी गेली की किती वाजले ते सांगत असू. त्या गाडीतल्या माणसांबद्दल मात्र आम्हाला फारसं काही सांगता आलं नसतं.

नातं तर त्याहून जुनं. नामदेवांची एकसष्ट पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्यांचं नरसी गाव १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. २०१५ साली पंजाबातल्या घुमानला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही नामदेवांच्याच ओढीनं. आणि नामदेवांच्या घरी वाढलेली जनाबाई आपल्या गंगाखेडची. विठ्ठल जनीचा बुचडा सोडतो, डोकं विंचरतो, उवा काढतो, असं तिनं लिहून ठेवलं आहे. देवानं बाईच्या केसांना हात लावण्याची इतकी घरगुती गोष्ट दुसरीकडे माझ्या वाचनात आलेली नाही. नामा ग्रंथात गेला. जनीचं पद मात्र तिथे नाही. आजच्या ग्रंथात कुठल्याच स्त्रीची रचना नाही. हे मी दोष काढायला सांगत नाही. ‘आसा दी वार’ या रचनेत गुरू नानकांनी स्त्रीला हीन लेखणाऱ्यांना सरळ विचारलं आहे की राजेदेखील जिच्या पोटी जन्मतात तिला वाईट कसं म्हणता? गुरू अमरदासांनी पडद्याला आणि सतीला विरोध केला. समतेचा शब्द पहिल्यापासून आहे. प्रश्न आहे तो शब्द परभणीतल्या आरशापर्यंत पोचतो का, हा.

१६९९च्या वैशाखीला आनंदपूरला खालसा पंथ उभा राहिला. केश, कंगा, कडा, कृपाण, कच्छेरा ही पाच चिन्हं, म्हणजे पाच ककार. पुरुषाला ‘सिंह’, स्त्रीला ‘कौर’. गुरूंनी शीर मागितलं तेव्हा ते द्यायला जे पाच जण पुढे आले त्यांतले भाई साहिबसिंग बिदरचे, म्हणजे आपल्या उदगीरच्या पलीकडचे. परंपरा सांगते की ते जातीनं न्हावी होते. ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाताला वस्तऱ्याची सवय, त्यानं केस राखण्याचं व्रत पहिल्या पाचांत घेतलं. जात मोडण्याची ही केवढी मोठी खूण होती! केस ही तेव्हा धर्माच्या शोभेची वस्तू नव्हती. ज्याला कुणी ओळखत नव्हतं त्यानं स्वतःला दिलेली ती ओळख होती.

आणि त्या ओळखीत बाईचाही वाटा होता. माई भागो मुक्तसरच्या लढाईत लढल्या, नंतर पुरुषी वेषात गुरूंच्या सोबत राहिल्या, दक्षिणेत आल्या. हजूर साहिबच्या आवारात त्यांच्या नावाची वास्तू आहे, ‘बुंगा माई भागो’. गुरूंच्या निधनानंतर त्या बिदरजवळच्या जनवाड्याला राहिल्या आणि तिथेच देह ठेवला. म्हणजे डोक्याला दस्तार, हातात शस्त्र अशी बाई आपल्या मराठवाड्याच्या वाटांवरून तीनशे वर्षांपूर्वी चालून गेली आहे. हे सांगण्याचं कारण असं की आज एखाद्या मुलीनं केसकी बांधली, म्हणजे लहान दस्तार, तर घरातली वडीलधारी माणसं ‘हे कुठलं नवीन खूळ’ म्हणतात. खूळ असेल नसेल, नवीन नाही.

नियम काय सांगतो तेही पाहून घेऊ. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं १९४५ साली मान्य केलेल्या रहित मर्यादेत, म्हणजे शीख आचारसंहितेत, पुरुषाला दस्तार आवश्यक आहे. स्त्रीनं बांधावी किंवा न बांधावी, दोन्ही ठीक. तिनं पडदा करू नये, हेही त्यात आहे. केस न कापण्याचा नियम दोघांना एकच. अखंड कीर्तनी जथ्यासारखा पंथ तर केसकीलाच पाच ककारांतलं एक मानतो आणि म्हणून तिथे बायकाही दस्तार बांधतात. हजूर साहिबची स्वतःची मर्यादा काही बाबतींत वेगळी आहे. पण केसांच्या बाबतीत कुठेच दुमत नाही.

‘बांधावी किंवा न बांधावी’ या चार शब्दांत मोकळीक आहे, आणि मला वाटतं, सगळा घोटाळाही तिथेच आहे. मुलाची दस्तार ठरलेली, म्हणून तिचा सोहळा होतो. दस्तारबंदीला मामा-काका जमतात, अरदास म्हणजे प्रार्थना होते, पहिली लड बांधली जाते, फोटो निघतात. तो दिवस मुलाला जन्मभर आठवतो. मुलीच्या पहिल्या ओढणीचा फोटो कुठल्या घरात भिंतीवर लावलेला मी पाहिलेला नाही. तिनं केसकी बांधायची ठरवली तर ते तिचं एकटीचं ठरवणं असतं, आणि एकटीनं ठरवलेल्या गोष्टीचा जाब एकटीलाच द्यावा लागतो.

मुलाचं ओझं वेगळं. आमच्या वर्गात एक सरदार मुलगा होता. पटक्याखालच्या त्याच्या जूड्याला, केसांच्या बुचड्याला, आम्ही येता-जाता टपली मारायचो, दुपारचे बारा वाजले की त्याच्याकडे पाहून ओरडायचो. मीही ओरडलो आहे. तो कधी चिडला नाही, आणि त्याला राग येत नाही असं आम्ही धरून चाललो. दहावीनंतर तो दिसला तेव्हा त्याचे केस कापलेले होते. ‘गर्मी होती यार,’ एवढंच म्हणाला. परभणीचा उन्हाळा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर जातो, हे खरंच आहे. पण ते तेवढंच कारण नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. माझ्या मनातून तो प्रसंग गेलेला नाही, आणि हे लिहायला बसण्याचं एक कारण तेही आहे. सरदारांवरच्या विनोदांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. न्यायालयानं २०१७ साली सांगितलं की लोकांनी कसं वागावं याची नीती आम्ही आखून देऊ शकत नाही. तेही खरंच. ते काम वर्गातल्या बाकांवरच व्हायला हवं होतं.

केस कापलेल्या मुलाला ‘मोना’ म्हणतात. अमृत घेतलेल्यानं, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेल्यानं, कापले तर शब्द आणखी कडक : ‘पतित’. पण बोल लागतो तो मात्र बहुतेक वेळा आईला. पोराकडे लक्ष दिलं नाही, म्हणतात. याचं कारण साधं आहे. मूल आठ-दहा वर्षांचं होईपर्यंत ते केस आईच सांभाळते. रविवारी न्हाऊ घालणं, दही किंवा रिठा लावणं, लाकडी कंगव्यानं गुंता सोडवणं, पोर रडत असताना जूडा घट्ट बांधणं. शाळेच्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. पुरुषाच्या डोक्यावर दिसणाऱ्या खुणेमागे बाईच्या हाताची इतक्या वर्षांची मेहनत असते. खूण त्याची, राबणं तिचं, आणि खूण गेली तर दोषही तिचा. तिचे स्वतःचे केस मात्र या सगळ्या हिशेबात कुठेच धरले जात नाहीत.

मुलाकडून अपेक्षा असते ती मर्दानी दिसण्याची. ‘सरदार’ म्हटलं की लोकांना तलवार, ट्रक आणि गडगडाटी हसू आठवतं. बारीक चणीचा, लाजाळू, विरळ दाढीचा सतरा वर्षांचा मुलगा त्या चित्रात कुठे बसवायचा? दाढी भरत नाही म्हणून आरशापुढे खंतावणारी मुलं असतात, आणि भरलेली दाढी नोकरीच्या मुलाखतीला कशी बांधावी, जाळी लावावी की मोकळी सोडावी, या विवंचनेतलीही असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या केंद्रावर कडा-कृपाण असलेल्या मुलाला झडतीसाठी इतरांच्या आधी पोचावं लागतं. लातूर-नांदेडच्या क्लासांत दोन वर्षं घासलेल्या मुलाच्या मनात त्या दिवशी जीवशास्त्राबरोबर हीही धाकधूक असते.

आणि मग गरिबी. आपल्या जिल्ह्यातले बरेचसे शीख शिकलकरी आहेत. ‘सैकल’ म्हणजे धार, चकाकी. त्यावरून सैकलगर, शिकलगार, शिकलकरी. गुरूंच्या फौजेची शस्त्रं यांनी घडवली, पाजळली. आज तीच माणसं विळे, खुरपी, कढया, झारे करतात, कुलपांच्या किल्ल्या करून देतात, काही डुकरं पाळतात. मराठी वर्तमानपत्रांत मात्र हा शब्द बहुतेक वेळा ‘टोळी’ या शब्दाला जोडून येतो. एका अख्ख्या समाजाचं नाव आपण गुन्ह्याच्या बातमीचं विशेषण करून टाकलं आहे. मे २०२३मध्ये परभणी जिल्ह्यातल्या उखळद गावात शेळ्या चोरायला आले या संशयावरून शिकलकरी समाजाच्या तीन मुलांना जमावानं मारहाण केली. त्यांतला एक गेला. तो चौदा वर्षांचा होता. ज्या वयात दस्तारबंदी होते, त्या वयाचा.

त्या घटनेबद्दल बोलताना लोक कायदा, जमाव, अफवा यांविषयी बोलतात, आणि बोलायलाच हवं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नांदेडच्या तख्तापुढे तोच जूडा, तोच कडा पाहून आपण हात जोडतो. अंधारात, गावकुसाबाहेर, मळक्या कपड्यांतल्या पोराच्या अंगावर तो दिसला की आपल्याला भीती वाटते. खूण तीच, फरक कपड्यांचा, वस्तीचा. शीख मुलग्याच्या दिसण्याविषयी लिहिणाऱ्या कुणालाही परभणीत उखळद वगळून लिहिता येणार नाही.

मुलीकडे वळतो. इथे मला सांभाळून लिहावं लागतं, कारण मी पुरुष आहे आणि हे मला ऐकूनच कळलेलं आहे. केस म्हणजे फक्त डोक्यावरचे नव्हेत. अंगावरचा कुठलाच केस काढायचा नाही, हा नियम. भुवया कोरायच्या नाहीत, ओठावरची लव काढायची नाही. आता लग्नाच्या बाजाराचा नियम ऐका : चेहरा गुळगुळीत हवा. एकाच घरात, कधी एकाच आईच्या तोंडून, दोन्ही नियम येतात. पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असलेल्या मुलीच्या हनुवटीवर राठ केस येतात; तिच्यासाठी ही रोजची परीक्षा असते. इंग्लंडमधल्या हरनाम कौर यांनी दाढी राखली, तशीच मिरवली, आणि २०१५ साली गिनीज बुकात पूर्ण दाढी असलेली सर्वांत तरुण स्त्री म्हणून त्यांची नोंद झाली. इतकं धैर्य प्रत्येकीकडून मागणं मला क्रूर वाटतं. पण ती नोंद आहे, आणि आपल्याकडच्या मुली ती मोबाइलवर पाहतात.

अमृतसरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शीख कोट्यातून प्रवेश मागणाऱ्या काही मुला-मुलींना नाकारण्यात आलं. त्यांतल्या एका मुलीनं भुवया कोरल्या होत्या. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २००९ साली संस्थेच्या बाजूनं निकाल दिला : केस न कापणं हा शीख धर्माचा अत्यावश्यक भाग आहे. निकाल नियमाला धरून असेल. तरी तो वाचताना माझ्या डोळ्यांपुढे येते ती न्यायालयात एका मुलीच्या भुवयांची चाललेली चर्चा. तिच्या वयाच्या लाखो मुली पार्लरच्या खुर्चीत बसून पाच मिनिटांत जे करतात, त्याचा इतका मोठा कागद झाला.

कायद्याचा दुसरा दाखला उलट बाजूचा. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमानं पगडी बांधलेल्या शिखाला हेल्मेटमधून सूट दिली. ते समजण्यासारखं आहे, पगडीवर हेल्मेट बसत नाही. २०१४ साली दिल्लीत बायकांना हेल्मेट सक्तीचं झालं तेव्हा शीख बायकांना त्यातून वगळलं, मग डोक्यावर पगडी असो वा नुसती ओढणी. चंडीगडमध्येही २०१८ साली हाच वाद झाला आणि तसाच मिटला. धर्माचा मान राखला गेला, पण ओढणी डोकं फुटण्यापासून वाचवत नाही. बाईच्या डोक्यावर काय आहे हे कुणीच नीट पाहिलं नाही, तिचं डोकं कोणत्या धर्माचं आहे एवढंच पाहिलं.

यावर मराठी वाचकानं ‘त्यांच्यात असं असतं’ म्हणून पान उलटू नये. बाईच्या केसांवर मालकी सांगण्यात आपण कुणाहून मागे नव्हतो. विधवेचं केशवपन आपल्या पणज्यांच्या पिढीपर्यंत चालू होतं. आगरकरांनी त्याविरुद्ध लिहिलं, आणि कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या न्हाव्यांनी १८९०च्या सुमारास हे काम करणार नाही अशी भूमिका घेतली. इकडे कापण्याची सक्ती, तिकडे न कापण्याचं व्रत. दोन्हींची बरोबरी मी करत नाही. व्रत माणूस स्वतः घेतो. म्हणूनच पुढची पानं वाचताना मी प्रत्येक मुला-मुलीला मनातल्या मनात एकच विचारत गेलो : हे तू घेतलंस, की तुला दिलं गेलं? उत्तरं सरळ नाहीत. आईनं दिलेलं पुढे आपलं झालं, असं सांगणारे आहेत. स्वतः घेतलेलं नंतर पेललं नाही, असंही सांगणारे आहेत. केस कापून गुरुद्वाऱ्यात लंगरची सेवा रोज करणारे आहेत, आणि ‘मी शीख नाही का?’ असं त्यांनी मला विचारलं आहे. मला उत्तर देता आलं नाही, आणि ते देण्याचा अधिकारही माझा नाही.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात शीख सुमारे सव्वादोन लाख होते, म्हणजे पाचशे माणसांत एक. इतक्या थोड्या माणसांच्या अंगावरची खूण सगळ्यांच्या नजरेत भरते आणि तिच्यामागचं माणूस नजरेतून सुटतं. या पुस्तकातले शब्द त्यांच्या तोंडचेच ठेवले आहेत : दस्तार, पटका, केसकी, जूडा. आपल्याकडे सरसकट ‘फेटा’ म्हणतात. फेटा लग्नात बांधतात आणि संध्याकाळी उतरवतात, म्हणून तो शब्द इथे वापरलेला नाही.

सुरुवातीला सांगितलेल्या घरी मी वर्षभरानं पुन्हा गेलो. भाऊ आता नांदेडला क्लाससाठी राहतो. खोलीवर पूणीला कुणी नसतं, दाराच्या कडीला टोक बांधतो, असं त्यानं फोनवर सांगितलं. घरी आई होती आणि बहीण. बहीण आरशापुढे होती. काळं कापड, भावाच्या दस्तारीहून बरंच आखूड. दोन महिन्यांपासून ती केसकी बांधते आहे. कापडाचं एक टोक तिनं खिडकीच्या गजाला गाठ मारून अडकवलं होतं आणि दुसरं हातात घेऊन ती मागे सरकत होती.

आतून, पोळ्या लाटण्याच्या आवाजातून आई म्हणाली, ‘बेटा, रविवारी पाहुणे येणार आहेत. त्या दिवशी ओढणीच घे.’

ती काही बोलली नाही. गजाजवळ गेली, गाठ सैल झाली होती ती पुन्हा आवळली, आणि मागे येऊन कापड ताणलं.